शिरगावहून सरळ घरी

ती दुपार आठवली की आजही माझा हात घड्याळाकडे जातो. लोणावळ्यातल्या एका हॉटेलमालकाची पहिलीतली मुलगी शाळेतून घरी पोहोचली नव्हती. कामावरून काढलेल्या ड्रायव्हरने तिला गाडीत बसवून नेल्याची खबर शाळेच्या वॉचमनने दिली. मुलीला मधुमेह होता. रात्रीचं इन्सुलिन चुकलं तर काही खरं नाही, असं तिची आई पुन्हा पुन्हा सांगत होती.

ड्रायव्हरचा फोन शिरगावच्या टॉवरवर दिसला आणि बंद झाला. तपास माझ्याकडे होता; नाकाबंदी लावली. सायबर शाखेतल्या उपनिरीक्षक बाईंनी त्याच्या फोनच्या जुन्या हालचालींवरून गणित मांडलं, की हा माणूस आता कुठे जाण्याची शक्यता जास्त. उत्तर आलं तळेगाव, म्हणजे त्याचं घर. आम्ही तिथे धडकलो. घरात फक्त बायको होती.

दरडावून काही हाती लागलं नसतं. मी खाली बसलो आणि त्याचं येणंजाणं विचारलं.

"गुरुवारी शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला जात्यात," ती म्हणाली. "दर्शन झाल्यावर कुणाकडं थांबत न्हाईत. देवाहून सरळ घरी यायचं, आसा नेमच हाय त्यांचा."

"घरी कधी येतात?"

"सकाळी. रातची ड्युटी आसती म्हणं."

तो गुरुवारच होता. पोरगी पळवतानाही पठ्ठ्याने गुरुवार चुकवला नव्हता. पण नेम सरळ घरी यायचा, आणि हा येतो सकाळी; शिरगावहून तळेगावला यायला कितीसा वेळ लागतो? मी तिथूनच बाईंना फोन लावला.

"बाकीचं सोडा. फक्त शिरगावनंतर तो कुठे जातो ते काढा."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सर, दर वेळी कान्हे. रात्रभर तिथेच. मी सगळ्या फेऱ्या एकत्र धरल्या, म्हणून तळेगाव वर आलं."

नेम पाळणारा माणूस देवाहून सरळ घरी जात होता. ते घर हे नव्हतं. बायकोने "रात्रभर कान्हे?" हे माझ्या तोंडून ऐकलं आणि ती समजायचं ते समजली.

कान्हे स्टेशनमागच्या खोलीचं दार एका बाईने उघडलं. तिच्या कडेवर तान्हं मूल होतं. आत मुलगी ग्लानीत पडली होती. मालकाला अद्दल घडवायची होती, एवढंच तिथे सापडलेला ड्रायव्हर बोलला. इन्सुलिन वेळेत मिळालं आणि मुलगी वाचली.

जबाबासाठी तळेगावची बायको ठाण्यात आली, तेव्हा तिने एकच विचारलं, "पोरगी बरी हाय ना?"

हो म्हणालो. माणूस कुठून कुठे जातो हे कळलं की गुन्हेगार सापडतो, हे मी त्या गुन्ह्यात शिकलो. पण त्या वाटेवर त्याची माणसंही उभी असतात. ज्या प्रश्नाने एका आईला तिची लेक मिळाली, त्याच प्रश्नाने मी तळेगावच्या या बाईचा संसार मोडला, आणि तो प्रश्न मी आजही विचारीन.