भावोजींच्या सदऱ्याचा खांदा

शुद्धलेखनाला हसू नका, अक्षरही वेडंवाकडंच आहे. चौथीनंतर पेन्सिल हातात राहिली ती दूधवाल्याचे खाडे लिहिण्यापुरती. पण माझ्या धाकट्या दिरांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण अख्ख्या घाटकोपरात त्यांच्याएवढा पक्षाचा माणूस झाला नाही! पक्ष धर्माचा आणि देशाचा. पक्षाने उपास सांगितला की भावोजी पाणीही सोडत. सभा असली की तासभर आधी जाऊन पहिल्या रांगेत बसत, आणि घरी येऊन सगळं भाषण मला पोळ्या लाटताना ऐकवत. मधे मधे टाळ्याही हव्या असत. मी पिठाच्या हातांनी वाजवायची.

त्यांचा उजवा खांदा जरा उतरता. तो झाकणारा सदरा एकट्या उस्मानला जमायचा. आमच्या खिडकीखालचा टेलर, आमच्याच राजापूरकडचा, भावोजींचा कॅरमचा जोडीदार. वॉर्डातल्या पुढाऱ्याने "त्यांच्या दुकानाची पायरी चढायची नाही" म्हटलं, आणि भावोजींनी शब्द दिला. दोन सदऱ्यांच्या शिलाईचे चाळीस रुपये तसेच राहिले.

"द्यायचे आहेत हो वहिनी, पण पायरी न चढता देऊ कसे?"

"मी देऊन येते."

"देणं माझं आहे. तुमच्या हातून कसं चालेल?"

दुसऱ्या टेलरच्या सदऱ्यात ते वाऱ्याने कललेल्या माडासारखे दिसत.

चार वर्षांनी पक्षात चर्चा सुरू झाली, की मतं वाढवायची तर जरा मधल्या वाटेवर यावं, सगळ्यांना जवळ घ्यावं. भावोजींची झोपच उडाली! "वहिनी, रविवारी बैठक! रविवारी ठरतंय!" रविवारी गुळगुळीत दाढी करून, चाळीस रुपये खिशात घालून गेले. दुपारी परतले ते मान खाली घालून.

"काय ठरलं?"

"समिती नेमली. विचार करणार आहेत."

मी पुरुषांपुढे कधी तोंड न उघडणारी. पण त्या दिवशी बोलून गेले, "भावोजी, समितीचे खांदे सरळ असतील. तुमच्या सदऱ्याचं त्यांना काय?"

 ते चपला घालून खाली उतरले. मी खिडकीत. पायरीपाशी पाऊल अडलं. आतून उस्मान ओरडला, "काय रे, पक्षाला विचारून आलास?"

"नाय. पक्ष विचार करतोय."

"मग ये आत. नवीन माप घेतो, पोट सुटलंय तुझं."

भावोजी चढले! मी खिडकीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

पैसे मात्र उस्मान घेईना. दर रविवारी भावोजी नोटा काढत, तो म्हणे, "राहू दे, पुढच्या रविवारी." हिशेब मिटला तर हा पुन्हा यायचा नाही, अशी धास्ती असावी त्याला.

समितीचा विचार अजून चालू आहे. उस्मान दुकान विकून गावाला निघाला, त्या सकाळी त्याने स्वतःहून हात पुढे केला. भावोजींनी चाळीसच्या चाळीस रुपये त्यावर ठेवले.