मावशींची फक्की

नाल्याचा पूर ओसरला आणि आमची गल्ली नव्यानं आखायचं ठरलं. शेजारच्या मावशींनी चुन्याची पाटी कमरेवर घेतली आणि फक्की टाकत निघाल्या. "इथं बाक. तिथं लिंबाचं झाड. नाल्याला जागा लई रुंद पायजे." मागून आम्ही वरातीसारखे चिखलात नाचत होतो.

नाल्याची नवी हद्द आखताना रेघ मावशींच्याच ओट्यावर आली. रोज संध्याकाळी आम्ही तिथंच चहाला जमायचो. आमचं नाचणं थांबलं. मावशींनी पदर खोचला आणि रेघ सरळ ओट्यावरून नेली.

"पाणी न विचारता आलं व्हतं," त्या म्हणाल्या, "आता जागाच देऊन टाकू त्याला. पण चहा कुणाच्या ओट्यावर?"

"आमच्या!" सगळी गल्ली एकदम बोलली. त्या संध्याकाळी आम्ही घरोघरी चहा प्यायलो, आणि मावशींना प्रत्येक घरच्या चहात साखर कमीच लागली.