ती चेंडूच्या अंगावर धावायची

खरं सांगा, चौकातल्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तुम्ही रोज वाचता, पण हॉकीचा एक तरी सामना मैदानावर जाऊन पाहिलाय का?

मी पाहिलेत, एका खेळाडूसाठी. ती आपल्या पुण्याची, भारताकडून खेळलेली बचावपटू. पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलजवळ मिळालेली हक्काची संधी, त्यात समोरची खेळाडू गोलकडे गोळीसारखा चेंडू मारते. अशा वेळी शहाणं माणूस अंग चोरतं. ही तोंडावर मास्क चढवायची आणि गोलरेषेवरून सुटायची ती थेट चेंडूच्या अंगावर. चेंडू नडगीवर, मांडीवर, कधी पोटात. गुणफलकावर मात्र याची काहीच नोंद नाही. कारखान्याच्या गेटसभेची, राबूनही नोंद न होणाऱ्यांची पत्रकं वाचत वाढलेल्या माझ्यासारखीला दुसरं दैवत कशाला हवं? आमच्याकडे भेळसुद्धा बाबांच्या युनियनच्या उरलेल्या पत्रकांवर खाल्ली जायची.

यंदा तिने निवृत्ती जाहीर केली. शेवटचा सामना पुण्यातच, स्थानिक लीगमधला. मला धास्ती एकच: तिने रिकाम्या बाकांसमोर निरोप घ्यायचा?

वारज्यातल्या आमच्या चौकातले भाऊ, म्हणजे नगरसेवकपदाचे कायमचे इच्छुक, मदतीला आले.

"ताई, मोठा फ्लेक्स लावू. मॅडमचा फोटो टाकू."

"केवढा?"

"माझ्या फोटोखाली बसेल तेवढा."

कॉलेजभर मी फ्लेक्सविरुद्ध पत्रकं वाटली होती. तरी मोह झाला. फ्लेक्स बघून माणसं आली असती. पण चेंडू अंगावर घेणारीला भाऊंच्या हनुवटीखाली टांगायचं? नाही म्हटलं.

मग पत्रकच. बाबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "धिक्कार दोनदा आलाय. निरोप देतेस की संप पुकारतेस?"

एक धिक्कार कापला.

स्वारगेटला वाटायला उभी राहिले. एका काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"प्रवेश फुकट?"

"हो काका."

"मग खेळ बेताचाच असणार." दुसऱ्या एकीने मागची बाजू कोरी ठेवल्याबद्दल माझे आभार मानले. तिला वाणसामानाची यादी करायची होती.

सामन्याला बाक भरले नाहीत, पण रिकामेही राहिले नाहीत. ते काकाही आले, छत्री घेऊन, ऊन लागतं म्हणून. उत्तरार्धात समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. तिने मास्क चढवला.

"काका, आता फक्त तिच्याकडे बघा."

"अहो, पण चेंडू तिकडे आहे!"

"तिच्याकडेच."

ती सुटली. चेंडू नडगीवर आदळल्याचा आवाज बाकांपर्यंत आला. "अगं बाई, वेड लागलंय का!" काका उभेच राहिले, आणि टाळ्या सुरू झाल्या. तिने चमकून वर पाहिलं. चेंडू अडवल्याबद्दल टाळ्या ऐकायची तिला सवय नव्हती. मी घोषणा पाठ करून आले होते. एकही आठवली नाही.

पुढच्या आठवड्यात तोच संघ, तेच मैदान. तिच्या जागी आता दुसरी मुलगी. पहिल्याच कॉर्नरला तीही तशीच सुटली. बाकांवर मी आणि कबुतरं.

म्हणून आता सरळ मागणी करते. या रविवारी सकाळी जवळच्या हॉकी मैदानावर जा, सोबत एकाला तरी न्या. आणि कॉर्नर मिळाला की धावत सुटणारीसाठी टाळ्या वाजवा, गोल होवो वा न होवो.