शेळीच्या वाटची साल

नारायणगावात दवाखान्यासमोर माझं औषधांचं दुकान, आणि दुकानाच्या पायरीला लागून द्रौपदाबाईंची फळांची पाटी. त्र्याण्णवच्या दिवाळीत त्या पहिल्यांदा येऊन बसल्या तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. सहा महिन्यांत माझी गिऱ्हाइकं आधी त्यांच्याकडं वळू लागली, कारण पेशंटला भेटायला जाताना हातात सफरचंदं हवीतच, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. "मऊ न्या, म्हाताऱ्याला दात न्हाईत," असं त्या स्वतःहून सांगायच्या. पिंपरी पेंढारहून सकाळच्या एसटीनं यायच्या. नवरा लवकर गेला होता. पदरात एकुलती मुलगी प्रज्ञा, तेव्हा सहावीत.

अंबाबाई दर महिन्याला ब्लडप्रेशर तपासायला यायच्या. मोठ्या बागायतदाराच्या घरातल्या, बोलायला गोड. पण सफरचंद द्रौपदाबाईंच्या हातातून घ्यायच्या नाहीत, कागदावर ठेवायला लावायच्या. मग माझ्या बाकावर बसून पिशवीतली सुरी काढायच्या आणि साल इतकी जाड सोलायच्या की निम्मा गर तिच्याबरोबर जायचा. "मेण लावत्यात म्हणं त्याला," हे मला ऐकवायच्या. पलीकडच्या गाड्यावरची द्राक्षं मात्र न धुता तोंडात टाकायच्या. साल कागदात गुंडाळून पाटीपुढं टाकायच्या आणि म्हणायच्या, "द्रौपदे, शेळीला घाल."

मी हे बघायचो आणि मुकाट्यानं गोळ्यांच्या पट्ट्या कापत बसायचो. एकदा मात्र राहवलं नाही. द्रौपदाबाईंना म्हटलं, तुम्ही अंबाबाईंना माल देऊच नका.

द्रौपदाबाई म्हणाल्या, "तिला साल न्हाई काढायची, सावळारामभाऊ. माझा हात काढायचाय. पर मी माल देनार. एक दिवस माझ्या हातचं जसंच्या तसं खाईल ती. तेवढं मला बघायचंय."

डाग पडलेली, न खपलेली सफरचंदं संध्याकाळी घरी जायची आणि प्रज्ञा ती सालीसकट खात अभ्यास करायची. पुढं ती पुण्याला जाऊन आहारशास्त्र शिकली, आणि पाटी बसल्याला बारा वर्षं होत आली तेव्हा आमच्याच दवाखान्यात दर शनिवारी बसू लागली. द्रौपदाबाईंनी पाटी काही सोडली नाही. "ती वर सांगती, मी खाली इकती," म्हणायच्या. मुलीचा टेंभा त्यांनी कधी मिरवला नाही, त्यामुळं पुष्कळांना नातं ठाऊकही नव्हतं.

अशाच एका शनिवारी अंबाबाई चिठ्ठी नाचवत बाहेर आल्या. डॉक्टरांनी त्यांना आहाराच्या मॅडमकडं पाठवलं होतं.

"सावळारामभाऊ, ऐका तरी. सफरचंदातला खरा माल सालीत असतोय. त्यो लाल रंग, आन् ते क्वेर्सेटिन का काय, गरापरीस सालीत लई जास्ती. काळजाला चांगलं असावं, असं अभ्यास करणारे म्हणत्यात. पर फळ म्हंजी औषध न्हाई, गोळ्या सोडू नका म्हणाल्या. सोच्छ धुवायचं आन् सालीसकट खायचं."

मला हसू आवरेना. बारा वर्षं अंबाबाईंच्या वाटचं क्वेर्सेटिन द्रौपदाबाईंच्या शेळीनं खाल्लं होतं.

"लई हुशार पोरगी हाय," अंबाबाई पाटीकडं वळून म्हणाल्या. "कुणाची गं ती, द्रौपदे?"

"माझी."

अंबाबाईंचा हात सवयीनं पिशवीत सुरीकडं गेला होता, तो तिथंच राहिला. द्रौपदाबाईंनी पाटीतलं सगळ्यात लाल सफरचंद निवडलं. ते कागदावर ठेवलं नाही. तळहातावर घेतलं आणि दुसऱ्या हातानं आपला तांब्या उचलला.

"धुऊन देऊ?"

तांब्यातलं पाणी त्यांच्या घरचं होतं. ते अंबाबाईंना माहीत होतं, मलाही. माझ्यापुढं गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी थांब म्हटलं.

"धू," अंबाबाई म्हणाल्या. पिशवीतला हात रिकामा बाहेर आला आणि त्यांनी सफरचंद द्रौपदाबाईंच्या हातातून घेतलं. एक घास खाल्ला. बराच वेळ चावला.

"साल जरा तुरट लागती."

"लागायचीच," द्रौपदाबाई म्हणाल्या. "सवय न्हाई तुमाला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्याची मला लाज वाटत नाही. अंबाबाईंनी ते सफरचंद पार देठापर्यंत संपवलं, तोंड पुसलं आणि पुन्हा हात पुढं केला.

"आणखी एक द्या, द्रौपदाबाई."

द्रौपदाबाईंनी दुसरं धुतलं, त्यांच्या हातावर ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आज आमच्या शेळीला उपास."