चेनखाली गेलेलं बोट

रॉकेलचा वास आला की मला पेणच्या आमच्या ओट्यावरची ती सकाळ आठवते. गणपती तोंडावर आले होते. माझी बायको तेव्हा मूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायची, आणि डोळे आखायचे राहिलेल्या मूर्ती तिथे रांगेने उभ्या होत्या. मला कामासाठी जवळच्या गडब गावाला जायचं होतं, पण चिखलाने सायकलची चेन करकरत होती. सायकल स्टँडवर लावून मी चेनकव्हर काढलं. ती रॉकेलचं फडकं चेनवर धरून बसली आणि मी हाताने पेडल फिरवू लागलो. तेवढ्यात फडक्याचा सुटलेला दोरा चक्राच्या दात्यात गुंतला आणि फडक्याबरोबर तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोटही चेनखाली गेलं. मी घाबरून तिचा हात ओढायला गेलो. "ओढू नका, नख आत राहील," ती हळूच म्हणाली. "पेडल उलटं घ्या. सावकाश." पेडल चुकून जरा पुढे गेलं असतं, तर बोट चिरडलं असतं. "पेडल घट्ट धरा," ती म्हणाली. "धरलंय गो, रॉकेलनं हात घसरतोय," मी म्हणालो. एकेक दाता मागे आला आणि बोट सुटलं. ते काळंनिळं पडलं होतं. मी पाणी आणायला उठलो, तर म्हणाली, "पाणी ऱ्हाऊ दे. माझा ब्रश नि रंग द्या." मागच्या मडगार्डच्या पांढऱ्या पट्ट्यावर तिने श्वास रोखून एक डोळा आखला. रेघ कुठेही हलली नाही. मग मात्र ती रडली. आजही चेनला तेल घातलं की मी सगळी सायकल पुसून काढतो, तेवढा पट्टा सोडून.