शिमग्यातल्या शिव्या आणि जाऊबाईंचा अर्ज

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ग्रामपंचायतीत बायकांच्या जागेसाठी अर्ज भरला, तेव्हा माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. चार माणसांत बोलायची वेळ आली की मी कुणाच्या तरी मागं जाऊन उभी राहायचे. जाऊबाई मात्र खमक्या. वरच्या आळीला नळ आला, मग खालच्या आळीला का नाही, एवढंच त्या सगळ्यांना विचारत फिरायच्या.

निवडणूक आली ती नेमकी शिमग्यात. आमच्याकडं होळीपासून रंगपंचमीपर्यंत कुणी शिवी दिली तर ती मनावर घ्यायची नाही, अशी रीत. सरपंचांच्या धाकट्या भावानं ती चांगलीच वापरली. होळीपुढं बोंब मारताना त्यानं जाऊबाईंच्या नावानं अशा शिव्या दिल्या, की बायका कानांवर पदर ओढून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या सभेतही तेच. जाऊबाईंनी नळाचं विचारलं की तो उत्तरादाखल शिवी द्यायचा आणि माणसं हसायची.

"शिमगा हाय वैनी, राग धरायचा न्हाई," असं वर म्हणायचा.

शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "मुडद्या, नळाचं इचारलंय, नळाचं बोल."

हसणं एकदम थांबलं. बाईमाणसानं भर सभेत पुरुषाला मुडदा म्हटलं, गावाची अब्रू गेली, असं सरपंच म्हणू लागले.

त्याच संध्याकाळी देवळात बैठक बसली. जाऊबाईंनी नारळ फोडून माफी मागायची आणि उद्या सकाळच्या एसटीनं पौडला तहसील कचेरीत जाऊन अर्ज मागं घ्यायचा, असं सरपंचांनी सांगितलं. अर्ज मागं घ्यायचा उद्या शेवटचा दिवस होता. एक पंच कागदावर सगळं लिहून घेत होते. गावातले सगळ्यात वडीलधारे आबा मध्ये बसले होते. जाऊबाईंनी नवऱ्याकडं, माझ्या थोरल्या भाऊजींकडं पाहिलं. भाऊजी खाली बघत होते. जाऊबाईंचा चेहरा उतरला, आणि मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही.

"आबा, एक इचारू?"

"कोन गं तू?"

"त्यांच्याच घरची धाकटी सून हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"सरपंचांच्या भावानं दिलेल्या शिव्या पन त्याच कागदावर लिवा की."

सरपंच म्हणाले, "शिमग्यातल्या शिव्या लिवत न्हाईत."

"मग जाऊबाईंची का लिवली? रंगपंचमीला अजून चार दिस हायेत."

मागं एक म्हातारा फिसकन हसला. सरपंच चिडले. "रीत गड्यांची हाय. बाईला कुटं असतोय शिमगा?"

"आसं हाय तर तसंच लिवा. गड्यांनी काय म्हनायचं अन् बाईनं काय म्हनायचं न्हाई, ते गावाला वाचून तरी दिसंल. तुमी लिवा, मी सांगते."

मी खांबाकडं तोंड केलं, डोईवरचा पदर घट्ट धरला, आणि शाळेत पाढे म्हणायचो तशा त्याच्या शिव्या एकापाठोपाठ एक म्हणून टाकल्या. पहिलीला आवाज फुटत नव्हता. तिसरीपासून भीतीच गेली. अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. पंचांचा पेन तसाच हवेत राहिला.

बायकांत सरपंचांची आई बसली होती. ती ओरडली, "बास गं, बास. माझ्या पोराच्या तोंडचं हाय हे?"

धाकटा भाऊ चपला न घालताच बाहेर पडला.

आबांनी कागद मागून घेतला. वाचला नाही, नुसता फाडला. म्हणाले, "कुनाचाबी नारळ नको. अर्ज हाय तितंच ऱ्हाऊ द्या. मतं पडतील तवा बगू."

बाहेर आल्यावर जाऊबाईंनी माझा हात इतका दाबला, की एक बांगडी पिचली. मला हसू आवरेना. सासूबाई आमच्या मागून येत होत्या. आता त्या मला फाडून खाणार, असं धरूनच चालले होते.

त्या जवळ आल्या, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "चवथी गाळलीस गं तू."

"ती मला म्हनता येईना, आत्याबाई."

"व्हय," त्या म्हणाल्या, "लईच वंगाळ हुती."