न दिलेला अभिप्राय

अण्णांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की आधी तोच आठवडा आठवतो, ज्यात ते माझ्याशी जवळजवळ बोललेच नाहीत.

माझे वडील नाशिकच्या कोर्टात दिवाणी वकील होते आणि एका बँकेच्या पॅनेलवर होते. घरासाठी कर्ज मागणाऱ्याचे कागद बँक पॅनेलवरच्या वकिलाकडे पाठवी. तो निबंधकाच्या कचेरीतली जुनी दप्तरं तपासायचा, सातबारा आणि फेरफार बघायचा आणि मालकी निर्वेध आहे की नाही याचा अभिप्राय द्यायचा. त्याशिवाय कर्ज मंजूर होत नसे. पॅनेलवर राहायचं तर अटी असत. वकिली बऱ्याच वर्षांची हवी, गावात स्वतःचं ऑफिस हवं, नावावर कुठे तक्रार नको. शिवाय दरवर्षी एक हमीपत्र द्यावं लागे, की नात्यातल्या प्रकरणात मी अभिप्राय देणार नाही, तोंडी मतसुद्धा सांगणार नाही.

अण्णांची स्वतःची आणखी एक अट होती. कागद कितीही स्वच्छ असोत, ते जागेवर जाऊन यायचे. बांधावर उभं राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांशी पाण्यापावसाचं बोलत बसायचे. येताना पिशवीत मेथी नाहीतर भोपळा असायचाच. बाररूममधले मित्र विचारत, "काय वकीलसाहेब, आज सर्चला की भाजीला?" अण्णा म्हणत, "दप्तरात विकणारेच भेटतात."

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते, नवरा सातपूरला कारखान्यात. तिथंच भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. शहराच्या कडेला, मळे मोडून इमारती उठत होत्या त्या भागात, आम्ही एक फ्लॅट ठरवला. कर्ज अण्णांच्याच बँकेतून घेणार होतो. मी त्यांची मुलगी, म्हणून कागद पॅनेलवरच्या दुसऱ्या वकिलांकडे गेले.

माहेरी जेवताना मी जागा कुठली ते सांगितलं. अण्णांचा घास हातातच राहिला.

"कालव्याच्या पलीकडची? वीटभट्टीजवळ?"

"हो. तुम्हाला माहीत आहे?"

ते उठले आणि हात धुवायला गेले. परत आले ते वर्तमानपत्र उघडूनच.

आई म्हणाली, "अहो, बोला की काहीतरी. लेकीचं घर आहे."

"लेकीचं आहे म्हणूनच बोलता येत नाही."

अभिप्राय आला की आम्ही करारावर सह्या करणार होतो, आणि जवळचं होतं नव्हतं ते सगळं बिल्डरकडे जाणार होतं. त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी माहेरी जात होते. अण्णा पेपर वाचत, नाहीतर वाचून झालेला पेपर पुन्हा वाचत. नवरा रोज विचारायचा, "सासरेबुवांचं मौनव्रत सुटलं का?" एके दिवशी मी त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन बसले.

"अण्णा, बोलू नका. वाईट असेल तर नुसती मान हलवा."

त्यांनी मान इतकी ताठ धरली की मला भीतीच वाटली.

शनिवारी बँकेच्या मॅनेजरांचा फोन आला. मालकी निर्वेध आहे, सोमवारी सह्या करायला या. मी ते अण्णांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले. मग खुंटीवरची कापडी पिशवी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"उद्या तुमच्या जागेवर जाऊन ये. कडेला एक बाई भाजी घेऊन बसते. तिच्याकडची वांगी आण."

"वांगी मंडईत मिळत नाहीत का?"

"मिळतात. तिथलीच आण."

ती बाई बिल्डरच्या पाटीखालीच बसलेली होती. पन्नाशी ओलांडलेली, पुढ्यात गोणपाटावर वांगी आणि मिरच्या. वांगी निवडता निवडता मी म्हटलं, "मावशी, हा मळा विकला ना?"

"भावांनी इकला. म्या कुठं इकलाय?"

"म्हणजे तुमचाही होता?"

"बाप तर एकच हाय ना आमचा. तो गेला तवा भावांनी तलाठ्याला सांगितलं, वारस आम्ही दोघंच. मंग भाऊबीजेला साडीचोळी घेऊन बसले. म्हनले, घे आन् हक्क सोड. आमच्यात साडी घेतली की सोडल्यात जमा. म्या न्हाय घेतली. तवापासून भाऊबीजेला बी जात नाय." तिनं एक किडकं वांगं माझ्या हातातून काढून बाजूला टाकलं. "बिल्डरचा मानूस उठवतो. म्या उठती, परत बसती."

"वकील कोणी आले होते का तुमच्याकडे?"

"मागं एक उंच वकील आला व्हता, दुसऱ्या कुनासाठी बघाया. त्यानं बी वांगीच नेली."

दप्तरात तिचं नाव नव्हतंच, मग तिचा हक्क दप्तरात दिसणार कसा?

सोमवारी मी बँकेत सांगितलं, मळा विकणाऱ्या भावांच्या बहिणीची संमती असल्याशिवाय आम्ही सह्या करणार नाही. मॅनेजर शांत माणूस, पण त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, रिपोर्ट क्लिअर आहे. तुम्हाला हे कोणी सांगितलं?" मी म्हटलं, त्या बहिणीनंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अण्णांना फोन करून बोलावून घेतलं. अण्णा येईपर्यंत मॅनेजर आणि मी एकमेकांकडे न बघता बसून होतो. अण्णांच्या पॅनेलवर माझ्यामुळे गदा येणार, एवढंच मला कळत होतं.

"वकीलसाहेब, तुम्ही मुलीला मत दिलंत?"

"मी तिला वांगी आणायला पाठवलं."

मॅनेजरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "हे हमीपत्रात बसतं का?"

अण्णांनी खरोखर विचार केला. "नाही बसत," ते म्हणाले आणि खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पॅनेलवरून नाव कमी करावं, असा अर्ज ते घरूनच लिहून घेऊन आले होते.

बाहेर स्कूटरपाशी मी त्यांना गाठलं. मला रडू येत होतं आणि रागही आला होता. "पॅनेल सोडायचंच होतं तर पहिल्या दिवशी का नाही बोललात? आठवडाभर माझा जीव टांगणीला होता."

अण्णा किल्ली शोधत होते. शर्टाचे खिसे चाचपून झाले, पँटचेही.

"मला वाटलं, तो दुसरा वकील बांधावर जाईल," ते म्हणाले. "मी आठवडाभर त्याचीच वाट बघत होतो."

पुढे आम्ही दुसरीकडे घर घेतलं. अण्णांनी त्याचे कागद पाहिले नाहीत. मी मात्र आधी जागेवर जाऊन आले, आणि कडेला कोण बसतं ते बघितलं.